स्पर्शाची सनद: पाटण्याच्या चंपीपासून केईएमच्या फिजिओथेरपीपर्यंत

१/
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहर, १८२०चे दशक. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका स्नानगृहात कुबड्या टांगून ठेवलेल्या होत्या. संधिवाताने जखडलेले रुग्ण त्या टेकत आले आणि बरे होऊन जाताना इथेच सोडून गेले, अशी ती ग्वाही होती. स्नानगृहाचा मालक पाटण्यात जन्मलेला एक भारतीय होता: शेख दीन महंमद.

२/
दुखरा सांधा आणि आखडलेला स्नायू हातांनी मोकळा करण्याची विद्या फार प्राचीन आहे. मात्र रुग्णालयात 'फिजिओथेरपी' अशी पाटी असलेला विभाग असावा, तिथे परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती रुग्णाच्या अंगाला हात लावणारी असावी, ही व्यवस्था अलीकडची. हातांत कसब पूर्वीपासून होते. उणीव होती ती विश्वासाची. तो विश्वास कसा मिळवला गेला आणि त्याची किंमत काय मोजावी लागली, याचा हा इतिहास.

३/
आरंभ एका नाटकापासून. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'मध्ये संवाहक नावाचे पात्र आहे. गोविंद बल्लाळ देवलांमुळे हे नाटक मराठी रंगभूमीच्याही परिचयाचे. संवाहन म्हणजे अंग चेपणे, मर्दन करणे. हा संवाहक मूळचा पाटलिपुत्राचा. उज्जयिनीत येऊन चारुदत्ताच्या सेवेत राहिलेला. वसंतसेना त्याच्या कलेची प्रशंसा करते, तेव्हा तो खिन्नपणे सांगतो की कला म्हणून जे शिकलो, तेच आता पोटापाण्याचे साधन होऊन बसले आहे. पुढे जुगारातील कर्जाने गांजून तो बौद्ध भिक्षू होतो. अंग चेपणाऱ्याच्या हाताला कौतुक मिळे, प्रतिष्ठा मिळत नसे. नाटककाराने हे अचूक टिपले आहे.

४/
पाटलिपुत्र म्हणजेच आजचे पाटणा. त्याच नगरात १७५९ मध्ये दीन महंमदाचा जन्म झाला. कोवळ्या वयातच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्याबरोबर हिंडू लागला. आपला आश्रयदाता कॅप्टन गॉडफ्रे बेकर याच्यासोबत तो १७८४ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे पोहोचला. १७९४ मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन इंग्रजीत प्रसिद्ध केले. भारतीयाने इंग्रजीत लिहिलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. १८१० मध्ये त्याने लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढले. दोनच वर्षांत दिवाळे निघाले. पन्नाशी उलटलेला हा माणूस नव्याने पोट भरण्यासाठी ब्रायटनला आला.

५/
तिथे त्याने जे सुरू केले, त्याचे नाव होते 'शॅम्पूइंग'. मूळ शब्द हिंदीतील 'चाँपना', म्हणजे दाबणे, चेपणे. चंपी त्यातलीच. त्या काळी शॅम्पूचा केसांशी संबंध नव्हता. रुग्णाला फ्लॅनेलच्या तंबूत बसवून औषधी वनस्पतींची वाफ दिली जाई. घामाने अंग सैल झाले की तंबूला शिवलेल्या बाह्यांमधून मालीश करणारा आपले हात आत घाली आणि दुखरे सांधे व स्नायू रगडून, दाबून मोकळे करी. उष्णतेने ताठरपणा कमी करायचा आणि मग हात चालवायचा, हा क्रम आजच्या थेरपिस्टलाही अनोळखी वाटणार नाही.

६/
यश मोठे होते. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्याला 'शॅम्पूइंग सर्जन' नेमले. ब्रायटनमधील जॉर्जच्या रॉयल पॅव्हिलियन या प्रासादातील बाष्पस्नानाची व्यवस्थाही त्याच्याकडे होती. तथापि त्याची एक कृती बोलकी आहे. पुढे लिहिलेल्या आत्मवृत्तात त्याने आपले जन्मवर्ष दहा वर्षे मागे, १७४९ असे नोंदवले आणि त्या वाढीव काळात आपण वैद्यकाचे शिक्षण घेतल्याचे सांगितले. हात गुण देत होते, राजे ते कबूल करत होते. तरी केवळ हातांच्या जोरावर उभे राहणे पुरेसे नाही, हे तो जाणून होता. प्रमाणपत्र देणारी संस्थाच नसल्यामुळे त्याने ते स्वतःच्या चरित्रात घडवले.

७/
१८५१ मध्ये तो वारला. मुलांनी हा व्यवसाय काही काळ चालवला. फ्रेडरिक अकबर महंमद हा नातू लंडनच्या गाइज हॉस्पिटलात डॉक्टर झाला आणि उच्च रक्तदाबाच्या संशोधनात त्याने नाव कमावले. आजोबांच्या विद्येची मात्र शाळा निघाली नाही, अभ्यासक्रम झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'शॅम्पू' म्हणजे केस धुणे असा अर्थ रूढ झाला. शब्द टिकला, विद्या गळून गेली.

८/
शाळा निघाली ती स्वीडनमध्ये. पेर हेन्रिक लिंग हा तलवारबाजीचा शिक्षक. १८१३ मध्ये त्याने स्टॉकहोम येथे राजाश्रयाने जिम्नॅस्टिक्सची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. सैनिकी कवायतीबरोबर तिथे 'वैद्यकीय जिम्नॅस्टिक्स' शिकवले जाई: कोणता सांधा कोणत्या दिशेने, किती वेळा आणि किती प्रतिकाराविरुद्ध हलवायचा, याचे नियम. पुढे ॲमस्टरडॅमच्या योहान मेझगर या डॉक्टरने मालीशाचे प्रकार पाडून त्यांना नावे दिली: हलके चोळणे, मळणे, घासणे, थापटणे. क्रियेला नाव मिळाले की ती शिकवता येते. शिकवता आली की तिची परीक्षा घेता येते.

९/
इंग्लंडमध्ये हे काम हाडे बसवणाऱ्यांकडे होते. आपल्याकडच्या हाडवैद्यांसारखीच त्यांची विद्या घराण्यात चाले. डॉक्टर त्यांना भोंदू समजत. १८६७ मध्ये सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यचिकित्सकाने आपल्या व्याख्यानात उलट दिशेने विचार मांडला: या लोकांच्या हातून काही रुग्ण खरोखर बरे होतात, ते कोणते आणि का, हे डॉक्टरांनी शिकून घ्यावे. दुखापतीनंतर आखडून बसलेला सांधा हाडे बसवणारा झटक्याने मोकळा करी, तर डॉक्टर त्याला आणखी विश्रांती देत राहत. मात्र क्षयाने पोखरलेला सांधाही तोच झटका देऊन कायमचा बिघडवला जाई. कोणत्या सांध्याला हात लावायचा नाही, हे ओळखणे हाच खरा प्रश्न होता.

१०/
१८८०च्या दशकात अमेरिकन डॉक्टर सायलस वेअर मिचेल याची 'विश्रांती चिकित्सा' लोकप्रिय झाली. रुग्णाला अनेक आठवडे अंथरुणावर ठेवायचे, भरपूर खाऊ घालायचे आणि स्नायू क्षीण होऊ नयेत म्हणून रोज मालीश करायची. त्यामुळे मालीश जाणणाऱ्या परिचारिकांना मागणी आली. मागणीमागोमाग अल्पावधीत प्रशिक्षण देण्याचे आमिष दाखवणाऱ्या शाळा आल्या आणि 'मालीश' या पाटीआड वेश्याव्यवसाय चालवणारी घरेही आली.

११/
१८९४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने या घरांवर झोड उठवली. मालीश हा शब्दच बदनाम झाला. याचा फटका सर्वांत जास्त कोणाला बसला? रुग्णालयात शिकलेल्या, रुग्णाच्या घरी एकट्या जाऊन दुखऱ्या अंगाला हात लावणाऱ्या परिचारिकांना. आपण कोण आहोत, हे दारात उभे राहून सिद्ध करण्याचे कोणतेही साधन त्यांच्याजवळ नव्हते. व्हिक्टोरियन समाजात स्त्रीची अब्रू गेली की तिची रोजीरोटीही जाई.

१२/
त्याच वर्षी ल्युसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनी 'सोसायटी ऑफ ट्रेन्ड मसूझेस' ही संस्था स्थापन केली. फ्रेंच भाषेत मसूझ म्हणजे मालीश करणारी स्त्री. चौघींचीही पार्श्वभूमी परिचर्या आणि सुईणकामाची होती. त्यांनी परीक्षा सुरू केली. तीत शरीररचनेचे ज्ञान आणि प्रत्यक्ष हातांचे काम, दोन्ही तपासले जाई. उत्तीर्ण होणारीला मिळणारे प्रमाणपत्र म्हणजे दारात दाखवण्याचा पुरावा.

१३/
सभासदांसाठी नियम कडक होते. डॉक्टरांच्या सूचनेशिवाय मालीश करायची नाही. पुरुषांची सर्वांगाची मालीश करायची नाही. अपवाद फक्त डॉक्टरांनी खास सांगितलेल्या निकडीच्या रुग्णांचा. वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कुठेही जाहिरात द्यायची नाही. रुग्णाला औषधे विकायची नाहीत. प्रत्येक नियमाचा रोख एकेका संशयाकडे होता: चारित्र्याचा संशय, धंदेवाईकपणाचा संशय, डॉक्टरांच्या क्षेत्रात घुसखोरीचा संशय.

१४/
या तहात चौघींनी जे मिळवले, ते मोठे होते. जे दिले, तेही लहान नव्हते. दुखरा खांदा हातांना काय सांगतो, हे त्या जाणत होत्या. परंतु त्या खांद्याचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःहून डॉक्टरांच्या हाती दिला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये डॉक्टर जवळजवळ सर्व पुरुष होते. म्हणजे स्पर्शाची अब्रू आज्ञाधारकपणाच्या तारणावर सोडवून घेतली गेली. १८९४ मध्ये दुसरा मार्ग उपलब्ध होता का, यावर मतभेद होऊ शकतात. किंमत मोजली गेली, यावर नाही.

१५/
ऑगस्ट १९१४. महायुद्ध सुरू झाले. खासदार अल्मेरिक पॅजेट आणि त्यांच्या पत्नी पॉलीन यांनी ५० प्रशिक्षित स्त्रियांचे मालीश पथक उभे करून सैन्याला देऊ केले. (या इतिहासातील तीन पॅजेट ही तीन निरनिराळी माणसे आहेत.) युद्ध संपेपर्यंत या पथकात हजारो जणी काम करून गेल्या होत्या. पुरुषांच्या अंगाला हात लावण्याविषयीचा जुना संकोच जखमींच्या रांगांपुढे टिकणे शक्यच नव्हते.

१६/
युद्धापूर्वीचा सर्वमान्य रिवाज असा की हाड मोडले की अवयव दीर्घकाळ जखडून ठेवायचा. फ्रेंच शल्यचिकित्सक ज्युस्त ल्युका-शांपियोनिएर मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सांगत होता की हळुवार मालीश आणि लवकर हालचाल सुरू करावी. कारण सांध्याचे आयुष्य हालचालीवर अवलंबून असते. सांधा स्थिर राहिला की भोवतालचे आवरण आकसते, कूर्चेला पोषण पुरवणारा द्राव नीट फिरत नाही, स्नायू झपाट्याने रोडावतात. हाड जुळते, पण हात खांद्याच्या वर जात नाही. मालीश पथकाने हा विचार हजारो सैनिकांच्या शरीरावर पडताळून पाहिला.

१७/
याच युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी आर्थर पिअरसन यांनी १९१५ मध्ये लंडनला सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. वृत्तपत्रांचे मालक असलेले पिअरसन स्वतः अंध झाले होते. तिथे शिकवल्या जाणाऱ्या व्यवसायांत मालीश होती. अंधांनी ही विद्या चालवण्याची परंपरा जपानमध्ये सतराव्या शतकापासून होतीच. तिथे सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांसाठी शाळा चालवल्या. ज्या सैनिकांना 'आता काय करणार?' असे विचारले जात होते, ते इतरांचे जखडलेले गुडघे मोकळे करू लागले.

१८/
आणि ब्रायटन? चौथ्या जॉर्जच्या ज्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये एकेकाळी दीन महंमद बाष्पस्नानावर देखरेख करत असे, तिथेच डिसेंबर १९१४ पासून फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांचे रुग्णालय भरले. हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे नळ वेगळे, स्वयंपाकघरे वेगळी, अशी तिथे काटेकोर व्यवस्था होती. त्याच गावातील सेंट निकोलस चर्चच्या आवारात दीन महंमदाची कबर आहे.

१९/
१९२० मध्ये चौघींच्या संस्थेला राजाची सनद मिळाली. मँचेस्टरची समांतर संस्था तिच्यात विलीन झाली आणि पुरुषांनाही सभासदत्व खुले झाले. १९४४ मध्ये 'मालीश' हा शब्द नावातून गेला आणि 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी' हे आजचे नाव आले. ज्या शब्दाची अब्रू राखण्यासाठी संस्था जन्मली, तो शब्दच पन्नास वर्षांनी मागे पडला. कामाची व्याप्ती वाढली होती, हे एक कारण. ती जुनी बदनामी अजून पुरती विसरली गेली नव्हती, हेही खरे.

२०/
तोवर नवा शत्रू उभा होता: पोलिओ. हा विषाणू मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट करतो आणि स्नायू लुळे पडतात. सांध्याच्या एका बाजूचे स्नायू लुळे आणि दुसऱ्या बाजूचे शाबूत, अशी स्थिती झाली की सांधा वाकडा ओढला जातो. तो ओढला जाऊ नये म्हणून डॉक्टर मुलांचे हातपाय चौकटीत जखडून ठेवत. एलिझाबेथ केनी या ऑस्ट्रेलियन परिचारिकेने त्याला विरोध केला. ओल्या गरम लोकरीच्या पट्ट्यांनी शेकायचे, हातांनी सांधे हलवायचे, मुलाला स्वतःचा स्नायू पुन्हा 'शोधायला' शिकवायचे, ही तिची पद्धत. रोगाविषयीची तिची काही मते चुकीची होती आणि डॉक्टरांशी तिचे खटके उडत राहिले. तरी जखडून ठेवण्याचा रिवाज ढिला होण्यात तिचा वाटा मोठा आहे.

२१/
१९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओची साथ आली. मुले वाचत होती. परंतु उभी राहत नव्हती. त्यांचे सांधे रोज हलवणारे, आखडू न देणारे, कॅलिपर घालून पाऊल टाकायला शिकवणारे प्रशिक्षित हात देशात नगण्य होते. भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने परळच्या केईएम रुग्णालयात १९५३ मध्ये फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. देशातील या शिक्षणाचा आरंभ तोच. १९५५ मध्ये फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि हाजी अलीजवळ पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्थाही उभी राहिली.

२२/
एक विसंगती इथे लक्षात घ्यावी. ज्या देशातून 'चाँपना' हा शब्द इंग्लंडला गेला, त्या देशात ही विद्या परदेशी अभ्यासक्रम म्हणून परत आली. त्याच मुंबईच्या चौपाटीवर तेलाच्या बाटल्या खुळखुळवत मालीशवाले हिंडत होते. तालमीत पैलवान एकमेकांचे अंग रगडत होते. बाळबाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बायका घरोघरी जात होत्या. त्यांच्या हातांत पिढ्यांचे कसब होते. मात्र लुळ्या स्नायूची शक्ती मोजणे, तिची नोंद ठेवणे, कोणत्या रुग्णाला हात लावू नये हे जाणणे, यासाठी शाळाच हवी होती. शाळेने बरेच काही दिले. शाळेबाहेरच्या हातांकडून शिकण्याची वाट मात्र फारशी रुंद झाली नाही. पॅजेटचा १८६७चा सल्ला इथेही लागू होता.

२३/
हातांच्या स्पर्शाने वेदना का कमी होते? १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी एक सिद्धान्त मांडला. मज्जारज्जूत जणू एक दार आहे. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश तिथे पोहोचले की वेदनेच्या संदेशांची वाट अरुंद होते. कोपर आपटले की हात आपोआप तिथे जाऊन चोळू लागतो, त्याचे हे स्पष्टीकरण. पुढील संशोधनाने या चित्रात पुष्कळ बदल केले. आजचा सर्वसाधारण निष्कर्ष असा की हातांचे उपचार वेदना काही काळ कमी करतात आणि त्या मोकळ्या वेळात केलेला व्यायाम सांध्याला टिकाऊ लाभ देतो. हात दार उघडतो. चालावे लागते ते रुग्णालाच.

२४/
आणि १८९४चा तो पहिला नियम? डॉक्टरांच्या सूचनेशिवाय रुग्णाला हात न लावण्याचे बंधन ब्रिटनमध्ये १९७७ साली सैल झाले. उपचार कोणते आणि किती, हे ठरवण्याचा थेरपिस्टचा अधिकार सरकारने मान्य केला. तारण ठेवलेला अधिकार सोडवायला ८३ वर्षे लागली. तोपर्यंत चौघींपैकी कोणीही हयात नव्हती.

२५/
पाटलिपुत्राचा संवाहक आपल्या कलेबद्दल खंत करत भिक्षू झाला. पाटण्याच्या दीन महंमदाला आपल्या वयात दहा वर्षे मिळवावी लागली. लंडनच्या चौघींना आपल्या अब्रूचा पुरावा छापून घ्यावा लागला. आज केईएमच्या विभागात कोणी शिकाऊ थेरपिस्ट एखाद्या आजींचा आखडलेला खांदा हळूच वर नेते आणि विचारते, 'आजी, इथे दुखतं का?' आजी निःशंकपणे आपला हात तिच्या हाती देतात. त्या निःशंकपणाला इतका मोठा इतिहास आहे.